औषध लागू पडलं, हे कुणी ठरवायचं?

जानेवारी १९५६. स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात डॉ. रोलांड कून यांनी नैराश्याने खचलेल्या एका बाईंना गायगी कंपनीचं एक नवं रसायन सुरू केलं. त्याला तेव्हा नुसता क्रमांक होता : जी २२३५५. स्किझोफ्रेनियावर ते फुकट गेलं होतं. इथे मात्र आठवड्याभरात बाईंमध्ये लक्षणीय फरक दिसला.

हा फरक मोजायला कून यांच्याकडे कुठलंच कोष्टक नव्हतं. रुग्णांशी बोलायचं आणि परिचारिका काय सांगतात ते ऐकायचं, एवढीच त्यांची पद्धत. सकाळी न उठवता उठतात, आवाज मोठा झालाय, इतरांत मिसळू लागलेत, अशा त्यांच्या नोंदी. चाळीस रुग्णांवरचा हा अनुभव त्यांनी १९५७ मध्ये छापला. झुरिकच्या परिषदेत तो ऐकायला जेमतेम डझनभर माणसं होती. तेच रसायन पुढे इमिप्रामिन म्हणून जगभर गेलं.

औषधं वाढली तशी आकड्यांची गरज भासू लागली. १९६० मध्ये लीड्सच्या मॅक्स हॅमिल्टन यांनी सतरा मुद्द्यांची मापनश्रेणी मांडली. गुण डॉक्टरने द्यायचे, कमाल बावन्न. पुढे संकेत रूढ झाला : आकडा निम्म्यावर आला तर औषध लागू पडलं, सात किंवा त्याखाली गेला तर आजार ओसरला. पण सतरापैकी तीन मुद्दे एकट्या झोपेचे, त्यांचे मिळून सहा गुण! नुसती गुंगी आणणारं औषधही त्यामुळे कागदावर गुणकारी दिसू शकतं. १९७९ मध्ये माँटगोमेरी आणि ऑसबर्ग यांनी मग उपचाराने खरोखर बदलणारी दहाच लक्षणं निवडली.

रुग्णाच्या हाती पेन्सिल मात्र आरन बेक यांनी १९६१ मध्येच दिली होती. आज सर्रास वापरली जाणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली, पीएचक्यू-९, २००१ ची. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस त्रास झाला, एवढंच ती विचारते. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या समुपदेशनाचा जो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही ती होती.

तिचा नववा प्रश्न आत्मघाताच्या विचारांचा. तो टाळू नये. मुलं आणि किशोरवयीनांमध्ये नैराश्यावरच्या औषधांनी असे विचार वाढू शकतात, असा चौकटीतला इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये दिला. २००७ मध्ये तो चोविशीपर्यंतच्या तरुणांसाठीही लागू झाला. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि गोळीची मात्रा बदलताना म्हणूनच डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं. तपासणीला जाताना घरातलं कुणी सोबत न्यावं आणि गोळी परस्पर बंद करू नये.