तुरुंग, पगार आणि लॅटिन

इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगताना त्याचे लॅटिन मूळ उलगडून दाखवण्याची प्रथा आपल्या महाविद्यालयांत चांगलीच रुजलेली आहे. ‘सॅलरी’ म्हटले की ‘सॅलेरियम’ आणि मीठ आलेच. (रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळे, ही कथा मात्र पुराव्यापेक्षा रंजकतेवरच अधिक टिकून आहे.) पण ‘पगार’ हा शब्द आला की मराठीचा अध्यापक ‘परभाषी, पोर्तुगीज’ एवढे सांगून पुढे सरकतो. तत्सम, तद्भव, देशी या तीन दालनांत मनसोक्त रमणारा आपला व्युत्पत्तिविचार चौथ्या दालनाच्या उंबऱ्यावरच थांबतो, हे मला खटकते.

वास्तविक लॅटिनची एक शाखा इंग्रजीच्या कितीतरी आधी मराठीत पोचली होती. गोवा 1510 मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. वसई 1534 पासून 1739 पर्यंत त्यांच्या ताब्यात होती. या सहवासाची नोंद मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो या गोमंतकीय पंडितांनी 1913 साली कोइंब्रा येथून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आशियाई भाषांच्या व्यापक संदर्भात केली. मराठीतले हे शब्द पाहिले की ते ग्रंथांतून आलेले नाहीत, हे लगेच ध्यानात येते. पाव, चावी, पिंप, घमेले, काडतूस ही स्वयंपाकघराची, बांधकामाची आणि छावणीची भाषा आहे.

‘पगार’ पोर्तुगीज ‘पागार’ या क्रियापदापासून आला. त्याचे मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. त्यामागे ‘पाक्स’, शांतता. देणेकऱ्याने पैसे चुकते करून धनकोला शांत करावे, असा हा अर्थप्रवास. इंग्रजी ‘पे’ फ्रेंचमार्गे याच धातूपासून निघाला. म्हणजे पगाराची ‘पे-स्लिप’ हातात घेणारा नोकरदार एकच लॅटिन शब्द दोन वाटांनी आलेला एकदम धरतो! सोलापूर कधीही पोर्तुगीज अमलाखाली नव्हते, तरी 1877 साली सुरू झालेल्या इथल्या जुन्या गिरणीच्या कामगारांच्या तोंडी हाच शब्द होता. ‘वेतन’ कागदावर राहिले. संप झाले ते पगारासाठीच. शांत करण्याचा तो जुना अर्थ तिथे किती खरा ठरला, हे निराळे.

‘तुरुंग’ याहून बोलका आहे. लॅटिन ‘त्रुंकुस’ म्हणजे झाडाचे खोड. पोर्तुगीज ‘त्रोंको’ या शब्दाला खोडाबरोबरच कैद्याचे पाय अडकवण्याच्या ओंडक्याचा, आणि पुढे बंदिगृहाचा अर्थ आला. आता मराठीकडे पाहा. आपल्याकडेही कैद्याचे पाय अडकवण्याच्या लाकडाला ‘खोडा’च म्हणत, आणि ‘खोडा घालणे’ हा वाक्प्रचार आजही जिवंत आहे. एकमेकींची ओळख नसलेल्या दोन भाषांनी एकाच लाकडातून एकच कल्पना कोरली. प्रवासाची ‘ट्रंक’सुद्धा त्याच खोडाची, इंग्रजीतून आलेली फांदी. ‘जेल’ही लॅटिनच; त्याच्या मुळाशी ‘कावेआ’, म्हणजे पिंजरा. 12 जानेवारी 1931 रोजी सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिली गेली. त्या जागेला तुरुंग म्हणा वा जेल, शब्दांच्या पोटात खोडा आणि पिंजरा आहेतच.

मात्र इथे विद्यार्थ्यांना दोन इशारे द्यायला हवेत. ‘दंत’ आणि लॅटिन ‘देन्स’, ‘सप्त’ आणि ‘सेप्तेम’ यांत उसनवारी नाही. ती एका पूर्वज भाषेची भावंडे आहेत. विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये ज्या नात्याकडे लक्ष वेधले, ते हेच. उलट, पोर्तुगीज वाटेने आलेले सगळेच लॅटिन असते असेही नाही. ‘लिलाव’ मुळात अरबी आहे, आणि ‘अननस’ तर दक्षिण अमेरिकेतल्या तुपी भाषेतून निघालेला. शब्द कोणाच्या गलबतातून उतरला आणि कोणत्या मातीत उगवला, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात.

आता एकच जोडी पाहू. लॅटिन ‘मागिस्तेर’, म्हणजे गुरू, अधिकारी. पोर्तुगीज ‘मेस्त्रे’ होऊन तो आपल्याकडे ‘मेस्त्री’ झाला आणि हातात थापी घेऊन भिंतीपाशी उभा राहिला. इंग्रजीतून तोच ‘मास्तर’ होऊन आला, तो हातात खडू घेऊन फळ्यापाशी. एकाच शब्दाचे हे दोन वारसदार; पण सन्मानाची वाटणी मात्र सारखी झाली नाही.