गुरुजनांचे ऋण आणि आपले कर्तव्य

प्रतिवर्षी आपल्या संस्थेतर्फे गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो. गुण वाचून दाखविले जातात, शाल व श्रीफळ अर्पण केले जाते आणि आईवडिलांना धन्यता वाटते. हे सर्व योग्यच आहे. परंतु त्या मुलाच्या पाठीशी जो शिक्षक उभा होता, त्याचे नाव त्या प्रसंगी क्वचितच उच्चारले जाते. आमचे आयुष्य मराठी शाळेत गेले असल्यामुळे आम्हीच हे बोलणे काहींना आत्मस्तुतीचे वाटेल. म्हणून स्वतःस बाजूस ठेवून आम्ही इतिहासालाच साक्षीस बोलावितो.

जोतिराव फुले यांचा जन्म १८२७ सालचा. प्राथमिक शिक्षण झाल्यावर लोकांच्या सांगण्यावरून वडील गोविंदराव यांनी मुलाला शाळेतून काढले व बागेच्या कामास लाविले. अशी उदाहरणे त्या काळी घरोघर होती आणि आणखी एक मूल शेतात गेले म्हणून कोणाचे काही अडले नसते. परंतु गफार बेग मुन्शी हे फारसीचे शिक्षक आणि लिजिट साहेब या दोघा शेजाऱ्यांच्या नजरेत त्या मुलाची बुद्धी भरली होती. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतिराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. पुढे सातच वर्षांनी, १८४८ मध्ये, त्याच जोतिरावांनी भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली व सावित्रीबाई तेथे शिक्षिका झाल्या. त्यांच्या शाळांतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने आपल्या लोकांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. एका मुन्शीने एका बापाची समजूत घातली, तिचे फळ असे तिसऱ्या पिढीच्या हाती पोहोचले.

जोतिराव हे उपकार विसरले नाहीत, असे त्यांच्या कार्यावरून म्हणता येते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकाचा प्रश्न आवर्जून मांडला. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावे, म्हणजे ते लोकांत मिसळतील व त्यांच्या गरजा जाणतील. ते प्रशिक्षित असावेत. त्यांचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा व मोठ्या गावी १५ ते २० रुपये असावा, अशी त्यांची मागणी होती. शिक्षकाचा मान हा नुसत्या नमस्काराने राखला जात नाही, त्याच्या पोटाचीही काळजी वाहावी लागते, हे त्यांनी ओळखिले होते.

दुसरे उदाहरण मुंबईचे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. सायंकाळी चर्नी रोडच्या बागेत ते वाचावयास बसत. तेथेच एक मुलगा पुस्तकात डोके घालून बसलेला त्यांना वारंवार दिसे. तो एल्फिन्स्टन हायस्कूलचा विद्यार्थी. म्हणजे केळुसकरांच्या वर्गातला नव्हे, शाळेतला नव्हे आणि जातीचाही नव्हे. तरीही त्यांनी त्याची विचारपूस केली व त्यास वाचावयास पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. अस्पृश्य म्हणून संस्कृत शिकण्याची वाट बंद झाल्यामुळे त्याला फारसी घ्यावी लागली होती. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला, तेव्हा त्यास ७५० पैकी २८२ गुण होते. वाचकहो, केवळ गुणांची यादी करून आपण सत्कारास बसलो असतो, तर हे नाव आपल्या यादीत आले नसते!

परंतु केळुसकरांचे मोजमाप निराळे होते. भीमरावांच्या अभिनंदनाच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांस भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च सुभेदार रामजींना झेपेना, तेव्हा केळुसकरांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकिला व दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ मध्ये भीमराव बी. ए. झाले आणि १९१३ मध्ये बडोद्याच्याच साहाय्याने अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले.

केळुसकर १९३४ मध्ये निवर्तले. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी त्या जुन्या भेटीचा उल्लेख केला आहे. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. या मार्गात त्यांचे स्वतःचे चिंतन व अध्ययन अपार होते. परंतु बुद्धाची पहिली ओळख एका शिक्षकाने दिलेल्या पुस्तकाने झाली, हेही तितकेच खरे.

या दोन्ही उदाहरणांचा अर्थ काय? जो गुण पाठ्यक्रमात लिहिलेला नसतो, तोच गुण येथे कामी आला. मूल नजरेस पडले, त्याला योग्य वेळी आधार मिळाला आणि मोठ्यांच्या दारी कोणीतरी त्याच्यासाठी शब्द टाकिला. आमच्या सेवाकाळात दसरा उलटला की ऊसतोडीस निघालेल्या बिऱ्हाडांबरोबर वर्गातील मुले निघून जात. पटावर नाव राही आणि बाकावर मूल नसे. अशा मुलाच्या आजीला गाठून त्याला गावातच ठेवून घेणारे आमचे सहकारी शिक्षक आम्ही पाहिले आहेत. त्यांचा सत्कार झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही; मात्र त्या मुलांपैकी काही आज स्वतःच्या पायांवर उभी आहेत.

यास्तव आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, गुणगौरवाच्या प्रसंगी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या एका शिक्षकाचे नाव सांगावे व संस्थेने त्यांस सन्मानाने बोलवावे. दुसरी, शालीबरोबर एक चांगले पुस्तकही द्यावे. तिसरी कित्येकांस रुचणार नाही, तरी ती सांगणे अगत्याचे आहे: आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीतील काही भाग अन्य समाजांतील गरजू मुलांसाठी राखून ठेवावा. केळुसकरांनी बागेतील मुलाला प्रथम जात विचारून मग पुस्तक दिले असते, तर देशाचे केवढे नुकसान झाले असते! समाजबांधवांनी व भगिनींनी याचा विचार करावा, इतकीच विनंती करून आम्ही लेखणी खाली ठेवितो.