ठासणीची बंदूक आणि काडतूस : नेमका फरक काय?

रमझानमध्ये मुशैरिबशेजारच्या सूक वाकिफमध्ये इफ्तारची तोफ उडाली की आपली मुले हमखास विचारतात, "यात गोळा कसा भरतात?" या तोफेत गोळा नसतो, नुसता बार काढतात. पण प्रश्न चांगला आहे. शिवाय आपल्यापैकी काहींच्या गावी आजोबांची ठासणीची बंदूक अजून आहे. म्हणून ही थोडक्यात माहिती देत आहोत.

ठासणीची बंदूक
नळीच्या तोंडातून आधी काळी दारू, मग गोळी किंवा छरे घालून गजाने ठासायचे आणि शेवटी केप बसवायची. प्रत्येक बाराला हे सारे पुन्हा. सराईत शिपाई मिनिटाला जेमतेम तीन बार काढी. काळ्या दारूची राख ओल धरते, त्यामुळे नळी लगेच धुतली नाही तर गंजते.

काडतूस
पितळी पुंगळी, बुडाला केप, आत धूर न करणारी दारू आणि तोंडाशी गोळी. म्हणजे ठासण्याचे सगळे काम आधीच टेबलावर उरकलेले. अमेरिकेत वापरलेली पुंगळी पुन्हा भरण्याचा छंद आहे. जुनी केप काढायची, पुंगळी साच्यातून मूळ मापाला आणायची, मग नवी केप, वजन करून दारू आणि गोळी. ठासणीत चूक झाली तर एका बाराची, इथे एका चुकीच्या मापाने पूर्ण खोकेच धोक्याचे होते.

थोडा इतिहास
'काडतूस' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. १८५७ सालचे वादग्रस्त काडतूस म्हणजे दारू आणि गोळीची कागदी पुडी होती. ती दातांनी फाडून दारू नळीत ओतायची, कारण ती एनफिल्ड बंदूक ठासणीचीच होती. पितळी काडतुसांचा जमाना त्यानंतर आला. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे.

हे लक्षात ठेवा
१. काडतुसातली दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही घालू नये. तिचा दाब फार जास्त असतो, नळी फुटून हात किंवा डोळा जाऊ शकतो.
२. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. मात्र परवाना बंदुकीबरोबर वारसाला आपोआप मिळत नाही. आजोबा गेले असतील तर बंदूक माळ्यावर ठेवू नका, गावच्या पोलीस ठाण्यात कळवा.
३. या कायद्यात काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही 'दारूगोळा' धरली जातात. त्यामुळे घरी काडतुसे भरण्याचा छंद भारतात विनापरवाना करता येत नाही.
४. सुट्टीहून परतताना मुलांच्या दप्तरात आठवण म्हणून ठेवलेले काडतूस नाही ना, हे बॅग भरतानाच पाहा. विमानतळावर एक जिवंत काडतूस सापडले तरी गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि मग प्रवास, रजा आणि नोकरी सारेच अडचणीत येते.