१,७६,६३,१९,०४९ : भास्कराचार्यांचे एक उत्तर

एखाद्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणावे, त्यात १ मिळवावा, आणि येणारी बेरीजही पूर्ण वर्गच असावी. अशी संख्या कोणती? भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या बीजगणित या भागात हा प्रश्न विचारला आहे.

प्रश्न निरुपद्रवी वाटतो. ६१ च्या जागी ६० असते, तर ४ या संख्येने काम भागले असते: १६ गुणिले ६० अधिक १ म्हणजे ९६१, हा ३१ चा वर्ग. ६२ असते, तर ८ पुरले असते. या दोन शेजाऱ्यांमधल्या ६१ साठी मात्र सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० हे आहे, आणि शीर्षकातली संख्या म्हणजे त्यातून निघणाऱ्या वर्गाचे मूळ.

एकेक संख्या तपासत कोणी निघाला आणि मिनिटाला एक या वेगाने अखंड बसला, तर त्याला सुमारे ४३० वर्षे लागतील. म्हणजे ही संख्या अंदाजाने हाती लागणारी नव्हेच. ती लिहिणाऱ्याजवळ पद्धत होती, याचा पुरावा ती संख्या स्वतःच आहे.

त्या पद्धतीचे नाव चक्रवाल. आरंभ १ पासून: ६१ मध्ये ३ मिळवले की ६४, म्हणजे ८ चा वर्ग. हवा होता १, लागले ३. या मिळवाव्या लागणाऱ्या अंकाला ‘क्षेप’ म्हणतात. चक्राचा एक फेरा झाला की ५ ही संख्या येते: २५ गुणिले ६१ म्हणजे १५२५, त्यातून ४ वजा केले की १५२१, अर्थात ३९ चा वर्ग. क्षेप आता उणे ४. पुढचे काम ब्रह्मगुप्तांच्या ‘भावना’ या नियमाचे, जो इ. स. ६२८ पासून उपलब्ध होता. दोन उत्तरांपासून तिसरे घडवणाऱ्या या नियमाने ३,८०५ आणि २९,७१८ ही जोडी मिळते, क्षेप उणे १. तिला स्वतःशीच जोडले की काम संपले. २९,७१८ चा वर्ग करून दुप्पट करावा आणि १ मिळवावा. शीर्षकातली संख्या समोर येते. मोबाइलवर ताडून पाहण्यासारखे आहे.

पाच शतकांनंतर, १६५७ मध्ये, फ्रान्समधील पिएर द फर्मा यांनी हाच प्रश्न युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला. फ्रेनिकल यांना लिहिताना त्यांनी ६१ आणि १०९ हे अंक सुचवले आणि फार त्रास पडू नये म्हणून लहान अंक घेतल्याची मल्लिनाथीही केली! ६१ चा स्वभाव त्यांना पुरता ठाऊक असावा.

मात्र ‘सगळे आपल्याकडे आधीच होते’ एवढ्यावर थांबणे हा इतिहास नव्हे. चक्रवालाचे एक रूप भास्कराचार्यांच्याही आधी जयदेव या गणितज्ञाकडे आढळते. शिवाय असे समीकरण प्रत्येक वेळी सुटतेच, याची सिद्धता भास्कराचार्यांनी दिलेली नाही. ती अठराव्या शतकात लाग्रांज यांनी दिली. उत्तर काढणे आणि ते नेहमीच निघेल हे सिद्ध करणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याचे श्रेय दुसऱ्याने कमी होत नाही.

नावाची गंमत निराळीच. ऑयलर यांच्या गैरसमजातून या समीकरणाला इंग्लंडच्या जॉन पेल यांचे नाव मिळाले, आणि पेल यांचा ते सोडवण्यात उल्लेखनीय वाटा नव्हता. कोलब्रुक यांनी १८१७ मध्ये भास्कराचार्यांचे बीजगणित इंग्रजीत आणले, तोवर ते नाव रुळून गेले होते.