पाकळ्यांवरील अदृश्य खुणा : अतिनील प्रकाशातील पुष्पछायाचित्रणाचा इतिहास

पाकळ्यांवरील ठिपके व रेषा या कीटकांना मकरंदापर्यंत नेणाऱ्या खुणा होत, असे प्रतिपादन ख्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल या जर्मन अभ्यासकाने १७९३ मध्ये केले. मात्र ज्या फुलांवर अशी खूण माणसाला दिसतच नाही, त्यांचे काय, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर मिळण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. हा विलंब केवळ साधनांच्या अभावी झाला असे म्हणता येत नाही.

योहान रिटर यांना १८०१ मध्ये अतिनील (जंबुपार) किरणांचा शोध लागला तो सिल्व्हर क्लोराइड काळवंडते या निरीक्षणातून. पुढे छायाचित्रणाची काच चांदीच्याच संयुगांवर आधारलेली असल्याने तिला हे किरण प्रारंभापासून 'दिसत' होते. अडथळा होता भिंगाचा. साधी काच त्यांचा बराचसा भाग शोषून घेते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी चांदीचा पातळ थर दिलेले क्वार्ट्‌झचे भिंग वापरून १९१० च्या सुमारास केवळ अतिनील प्रकाशातील चित्रे घेतली. त्यांत जस्ताचा पांढरा रंग काळा उमटला! पांढरेपणा हा वस्तूइतकाच पाहणाऱ्याच्या डोळ्यांवरही अवलंबून असतो, हे त्यातून उघड झाले.

वास्तविक मुंग्यांना अतिनील प्रकाशाची जाणीव असते, हे जॉन लबक यांनी १८८२ पर्यंत प्रयोगाने दाखविले होते. अतिनील प्रकाश पडताच मुंग्या आपले कोश तेथून हलवीत. तथापि कीटकशास्त्र आणि छायाचित्रण यांची खरी गाठ पडली ती १९२४ मध्ये. त्या वर्षी फ्रँक लुट्झ यांनी फुलांवरील अतिनील नक्षी आणि कीटकांचे वर्तन यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला.

अशा चित्रांना 'मधमाशीला दिसणारे फूल' म्हणण्याची प्रथा मात्र दिशाभूल करणारी आहे. मधमाशी निळा व हिरवा प्रकाशही पाहते. अतिनील हा तिच्या रंगदृष्टीचा एक घटक होय. कार्ल डाउमर यांच्या १९५८ मधील संशोधनाचे महत्त्व यासाठीच अधिक आहे. १९६९ मध्ये थॉमस आयस्नर यांनी दूरचित्रवाणी कॅमेऱ्याचा उपयोग करून ही नक्षी प्रत्यक्ष हलत्या चित्रात पाहण्याची सोय केली. १९७२ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी रुडबेकिया या पिवळ्या फुलाच्या पाकळ्यांच्या बुडाशी अतिनील किरण शोषणारी फ्लॅव्होनॉल रंगद्रव्ये ओळखली. माणसाला एकरंगी भासणाऱ्या पाकळीवरील काळ्या पट्ट्याला अशा रीतीने रासायनिक नाव मिळाले.