क्लॅमएव्ही : जालाधारित व्यवस्थापन

लिनक्स सर्व्हरवरील क्लॅमएव्ही या मुक्तस्रोत विषाणुरोधकाचा कारभार ब्राउझरमधून पाहावयाचा असल्यास, १९९७ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या वेबमिन या जालाधारित सर्व्हर-व्यवस्थापन साधनाला त्यासाठीचे स्वतंत्र मॉड्यूल जोडतात. मग विषाणुचिन्हे अद्ययावत करणारा फ्रेशक्लॅम, तपासणीच्या वेळा व विलग ठेवलेल्या संशयित फायली यांवर एकाच ठिकाणाहून देखरेख ठेवता येते. परंतु या सोयीतील जोखीम गंभीर आहे : वेबमिन सामान्यतः रूटच्या मुखत्यारीने चालत असल्यामुळे, त्याचे १०००० क्रमांकाचे पोर्ट साऱ्या इंटरनेटला खुले ठेवणे म्हणजे संपूर्ण सर्व्हरच परक्याच्या हवाली करण्याची तयारी होय. म्हणून टीएलएस कूटबंधन आणि विश्वसनीय आयपी पत्त्यांपुरताच प्रवेश यांचा बंदोबस्त आधी करावा. क्लॅमडी या क्लॅमएव्हीच्या पार्श्वसेवेला तर स्वतःची परवलीची तपासणी मुळीच नाही. त्याचे ३३१० क्रमांकाचे पोर्ट बाहेर कदापि उघडू नये.