दाढ, हाड आणि दाखला

मुलांचे संरक्षण करणारा प्रत्येक कायदा शेवटी एका आकड्यावर उभा असतो. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात कामाला लावू नये, अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न लावू नये, अठरा वर्षांखालील मुलावर झालेल्या लैंगिक अत्याचाराचा खटला विशेष न्यायालयात चालावा, ही सारी कलमे समोर उभ्या असलेल्या मुलाचे वय ठाऊक आहे असे गृहीत धरून लिहिलेली आहेत. प्रत्यक्षात ते वय ठरवायचे कोणी आणि कशावरून, हा प्रश्न या कायद्यांइतकाच जुना आहे, आणि त्याचे उत्तर मुलाच्या शरीरावरून कागदाकडे सरकायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. मुलांना कायद्याने दिलेले संरक्षण जेथे जेथे अडले, तेथे ते बहुतेक वेळा या कागदापाशी अडले. म्हणून वयाच्या दाखल्याची कुळकथा मुळापासून पाहणे अगत्याचे आहे.

ती इंग्लंडच्या सूतगिरण्यांत सुरू होते. १८१९ च्या कायद्याने तेथे नऊ वर्षांखालील मुलांना कापसाच्या गिरणीत ठेवण्यास मनाई केली होती. पण मुलाचे वय आईबापांनी सांगायचे आणि मालकाने ते खरे मानायचे, अशीच वहिवाट होती, आणि ज्या घराची चूल मुलाच्या मजुरीवर पेटत होती त्या घराने वेगळे काही सांगावे अशी अपेक्षा करणेच कठोरपणाचे होते. १८३३ च्या कायद्याने प्रथमच सरकारी निरीक्षक नेमले, नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली आणि वयाचा निवाडा पालकांच्या हातून काढून डॉक्टरच्या हाती दिला. जन्माची सार्वत्रिक नोंद तोवर नव्हतीच, त्यामुळे डॉक्टरने प्रमाणित करायचे ते मुलाचे वय नव्हे; या मुलाची शक्ती आणि रूप नऊ वर्षांच्या सर्वसाधारण मुलासारखे आहे, एवढेच त्याने लिहून द्यायचे होते. गिरणीतील मुलाच्या वयाचा हा सरकारमान्य दाखला असा अंदाजाचा दाखला होता.

अंदाजाला माप हवे म्हणून उंचीचा आधार घेतला गेला. पण उंची अन्नावर आणि आजारपणावर अवलंबून असते आणि गिरणीच्या वस्तीत दोन्हींची स्थिती कशी होती हे सांगायला नको. आठ वर्षांचे धिप्पाड मूल नऊ वर्षांचे ठरून यंत्रापाशी उभे राही, मोठ्या भावाला डॉक्टरपुढे उभे करून धाकट्याच्या नावाचा दाखला मिळवला जाई. या गोंधळात १८३७ मध्ये एडविन सॉन्डर्स या तरुण दंतवैद्याने ब्रिटिश संसदेच्या सदस्यांना उद्देशून एक पुस्तिका काढली. शाळांतील मुलांचे दात तपासून त्याने मांडलेला निष्कर्ष असा की उपासमारीने मुलाची उंची खुंटते तितके दातांचे वेळापत्रक ढळत नाही, आणि म्हणून कायमची दुसरी दाढ, जी साधारण बाराव्या वर्षाच्या आगेमागे येते, ती तेराव्या वर्षाच्या कसोटीला उंचीपेक्षा अधिक विश्वासार्ह आहे. त्याच वर्षी, जुलै १८३७ पासून, इंग्लंडमध्ये जन्ममृत्यूची नागरी नोंदणी सुरू झाली, आणि दाढेने सुरू केलेले काम हळूहळू नोंदवहीने आपल्याकडे घेतले. सॉन्डर्स पुढे राणी व्हिक्टोरियाचा दंतवैद्य झाला. त्याची पुस्तिका मात्र न्यायवैद्यकशास्त्राच्या, म्हणजे न्यायालयाच्या कामी येणाऱ्या वैद्यकाच्या, इतिहासात एका नव्या परीक्षेचा आरंभ म्हणून उरली.

हीच पद्धत भारतात आली ती नोंदवहीशिवाय. मुंबईच्या गिरण्यांतील कामाचे तास आणि मुलांची अवस्था तपासण्यासाठी १८७५ मध्ये एक आयोग नेमला गेला, समाजसुधारक सोराबजी शापुरजी बंगाली यांनी कायद्यासाठी सतत पाठपुरावा केला आणि १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा झाला. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरत्या या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास ठरवून दिले. १८९१ मध्ये या मर्यादा नऊ आणि चौदा वर्षांवर गेल्या, तास सातवर आले. भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या चढवणे हे सूतकताई खात्यातील मुलांचे काम. ते चपळाईचे असल्याने लहान बोटांना मागणी होती, आणि त्या बोटांचे वय सांगणारा एकही सरकारी कागद मुलाच्या घरी नव्हता. वय प्रमाणित करणाऱ्या डॉक्टरने मुलाला तोंड उघडायला सांगावे, दाढा मोजाव्यात, अंगलट पाहावी आणि आकडा लिहावा, यापलीकडे त्याच्या हाती साधन नव्हते.

पुढच्या कायद्यांनी दाखल्याला बिल्ल्याची जोड दिली. मुलाने कामावर असताना दाखल्याचा क्रमांक असलेला बिल्ला अंगावर बाळगावा, म्हणजे निरीक्षकाला तो तेथल्या तेथे पडताळता येईल, हा त्यामागचा हेतू. पण अहमदाबादेतील गिरण्यांत एकच मूल दोन नावांचे दोन दाखले घेऊन सकाळी एका गिरणीत आणि दुपारनंतर दुसरीत राबत असल्याचे वारंवार उघडकीला आले, आणि एका दिवसात एका मुलाला दोन कारखान्यांत कामाला लावू नये असे कायद्यालाच स्पष्ट म्हणावे लागले. ज्या मुलाची जन्मताच कोठे नोंद नाही, त्याचे नाव आणि वय कितीही वेळा नव्याने घडवता येते, ही गोष्ट त्या बिल्ल्यांनी जितकी उघड केली तितकी एखाद्या आयोगाच्या अहवालानेही केली नसेल.

गिरणीत जे घडत होते तेच घराच्या आत अधिक भीषण रूपात घडत होते. १८६० च्या भारतीय दंड संहितेने दहा वर्षांखालील मुलीशी, मग ती पत्नी का असेना, शरीरसंबंध हा बलात्कार ठरवला होता. १८८४ पासून समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांनी आणि बालपणी लावलेले लग्न नाकारणाऱ्या मुंबईतील रखमाबाईंच्या खटल्याने बालविवाहाचा प्रश्न देशभर गाजू लागला होता. त्यात १८९० मध्ये कलकत्त्याला फुलमणी दासी ही बालिका पतीच्या अत्याचाराने मरण पावली. खटल्यात तिचे वय हाच निर्णायक मुद्दा ठरला. तिने दहा वर्षे पूर्ण केली होती असे मानले गेल्यामुळे बलात्काराचे कलम लागूच झाले नाही, आणि जिवाला धोका होईल अशा कृत्याने गंभीर दुखापत केल्याबद्दल पतीला केवळ एक वर्षाची सक्तमजुरी झाली. एका मुलीचा मृत्यू कायद्याच्या कोणत्या खान्यात बसवायचा हे तिच्या वयाच्या काही महिन्यांवर ठरावे, यापेक्षा त्या आकड्याचे महत्त्व अधिक दाहकपणे सांगता येणार नाही.

मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन दहा वर्षांची ही मर्यादा बारा वर्षांवर गेली. पुण्यात त्यावरून झालेला वाद, टिळकांचा परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला असलेला विरोध आणि रा. गो. भांडारकरांनी शास्त्राधारे केलेले समर्थन, हे मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. त्या वादात मागे राहून गेलेली एक हरकत मात्र पुढील शतकभर खरी ठरली. विरोधक विचारत होते की ज्या देशात जन्माची नोंद नाही तेथे मुलगी अकरा वर्षांची की तेराची हे सिद्ध कसे होणार, आणि डॉक्टरी तपासणी कोणत्या घराला सोसवणार. ही हरकत सुधारणा अडवण्यासाठी वापरली गेली हे खरे, पण तिला उत्तर द्यायचे तर जन्मनोंदणी सक्तीची करणे हाच मार्ग होता आणि सरकारने तो घेतला नाही. १८८६ चा जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदणीचा कायदा मुख्यतः ऐच्छिक होता.

गावोगावी नोंदी होत नव्हत्या असे नाही. महाराष्ट्रात गाव नमुना नंबर चौदा म्हणजे जन्ममृत्यूचे रजिस्टर, आणि विदर्भात ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते दप्तर, यांत गावकामगारांनी वर्षानुवर्षे जन्म टिपले. जातीच्या दाखल्यासाठी आजही लोक मोडीवाचकाला घेऊन हीच पाने उलटत असतात. पण या नोंदींचा रोख जन्मलेल्या मुलावर नव्हता. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढे लिहिले जाई. बाळाचे नाव बहुधा नसे, कारण बारसे व्हायच्या आधीच नोंद झालेली असे. एकाच बापाच्या चार मुलींपैकी ही नोंद कोणत्या मुलीची, हे वीस वर्षांनी न्यायालयात सांगणे अवघड होते. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे लग्नाचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरवले तेव्हाही ही उणीव तशीच राहिली, आणि तो कायदा एप्रिल १९३० मध्ये अमलात येण्यापूर्वीच्या काही महिन्यांत देशभर बालविवाहांची झुंबड उडाली.

नोंदवहीची जागा मधल्या काळात शाळेने घेतली. मूल शाळेत दाखल होताना मास्तर जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख लिहीत, आणि आईबापांना ती सांगता आली नाही तर शाळा सुरू होण्याच्या महिन्याचा पहिला दिवस लिहून मोकळे होत. महाराष्ट्रात एक जून ही जन्मतारीख असलेल्यांची संख्या त्यामुळे इतकी मोठी झाली की ३१ मे रोजी शिक्षक आणि सरकारी नोकर घाऊक निवृत्त होतात. या तारखेकडे कौतुकाने पाहण्याची रीत आहे, पण तिच्यामागे मुलाला सहा वर्षे पूर्ण दाखवण्याची घाई असे, आणि त्या घाईत वाढवलेले वर्ष एखाद्या मुलीला पुढे सतराव्या वर्षी कागदोपत्री अठराची करत असे. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याने जन्म ठरावीक मुदतीत नोंदवणे सक्तीचे केले, तेव्हा शाळेच्या रजिस्टरला प्रथमच तोडीचा प्रतिस्पर्धी मिळाला.

दरम्यान दाढेची जागा हाडाने घेतली होती. वाढत्या हाडांची टोके कूर्चेची असतात आणि ती ठरावीक क्रमाने पक्की होऊन मुख्य हाडाला जुळतात. कोपर, मनगट आणि कमरेचे हाड यांच्या क्ष-किरण चित्रांवरून वयाचा अंदाज बांधण्याच्या या पद्धतीला ऑसिफिकेशन चाचणी म्हणतात. ग्रॉइलिख आणि पाइल यांचा १९५० चा हाताच्या हाडांचा प्रसिद्ध चित्रसंग्रह अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या सुस्थितीतील मुलांवर आधारलेला होता. भारतात गॉलस्टन यांनी १९३७ मध्येच भारतीयांच्या अस्थींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, आणि जयसिंग मोदी यांच्या न्यायवैद्यकाच्या ग्रंथाचा हवाला वकील आजही देतात. तरीही १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की या चाचणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक पडू शकतो. हा फरक कोणाच्या बाजूने मोजायचा यावर सारे अवलंबून असते. आरोपी स्वतः अल्पवयीन असल्याचा प्रश्न असेल तेव्हा २००७ च्या नियमांनी एक वर्षापर्यंतची सवलत मुलाच्या बाजूने देण्याची मुभा ठेवली. पण मूल पीडित असेल तेव्हा संशयाचा फायदा आरोपीला या तत्त्वाने तोच फरक वय वाढवणारा ठरू शकतो, आणि चाचणीत सतराची निघालेली मुलगी सज्ञान मानली जाण्याची वाट उघडते. हाडांच्या भरवशावर उभे असलेले संरक्षण हे असे दुबळे आहे, आणि ज्यांच्या घरी कागद नाहीत त्या भटक्या, ऊसतोड आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलींच्या वाट्याला ते सर्वांत जास्त येते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले की वयनिश्चितीचे जे नियम आरोपी मुलाला, तेच पीडित मुलालाही लावावेत. त्यांचा आजचा आधार म्हणजे २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ९४: आधी शाळेचे जन्मतारखेचे प्रमाणपत्र किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची चाचणी. शरीराला शेवटचे स्थान दिले हे योग्यच झाले. मात्र शाळेच्या कागदाला जन्माच्या नोंदीच्या वर बसवण्याचा क्रम ज्या पिढ्यांकडे जन्मदाखलाच नव्हता त्यांच्या सोयीचा आहे. एक जूनची तारीख खऱ्या जन्मतारखेच्या वर बसू शकते हा त्याचा दोष डोळ्याआड करता येत नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा बदलताना मिळणारा दाखला आणि प्रवेश रजिस्टरचा उतारा या कलमाखाली पुरेसा नसल्याचे सांगून त्या दोषाची धार थोडी बोथट केली आहे.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात जन्माची नोंद आणि मुलीचे लग्न या दोन टोकांना जोडणारा माणूस ग्रामसेवक आहे. जन्मनोंदणीचा निबंधक तोच आणि बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही तोच. मांडव पडल्याची खबर १०९८ या हेल्पलाइनवरून आली की मुलीचे वय तपासायचे ते त्याच कार्यालयाच्या कपाटातल्या रजिस्टरमधून, आणि मुलीचा जन्म दुसऱ्या तालुक्यात किंवा उसाच्या फडावर झाला असेल तर ते पान तेथे सापडत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने जन्मदाखला हा शाळाप्रवेशासह अनेक कामांसाठी जन्मतारखेचा एकमेव पुरावा ठरवला. पण ही तरतूद त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना लागू आहे. त्या मुलांतील पहिली २०४१ च्या ऑक्टोबरमध्ये अठरा वर्षांची होतील, आणि तोपर्यंत न्यायालयांपुढे येणाऱ्या मुलांचे वय जनरल रजिस्टर, पंचायतीचे दप्तर आणि क्ष-किरणांची चित्रे यांच्या आधारानेच ठरत राहील.